वरची हवा

मे संपत आला की लष्करातल्या गच्च्या
रात्री दोनलाही हात टेकू देत नाहीत.
खालच्या हॉलात आम्ही चादर ओढून झोपतो
आणि वर, सोळा पायऱ्यांवर,
सून ओला पंचा गळ्याला गुंडाळून बसून असते.
"तुमच्याकडेच इतकं कसं उकडतं गं?"
दोनदा म्हणाले मी असं.
दुसऱ्यांदा म्हणताना वाक्य जुनं वाटलं,
कुणाला तरी आधी वापरलेलं.

कुशवाह मिस्त्री आला, भाच्याला घेऊन.
मागच्या अंगणातला कूलर त्याने उघडून पाहिला,
खसचे पडदे नवे, मोटर नवी.
"इतनी हवा में तो पूरी बारात ठंडी हो जाए,"
म्हणाला आणि उदबत्ती मागितली.
देवघरातली दिली.
ती पेटवून तो पत्र्याच्या डक्टला लागून
जिना चढत गेला, हळूहळू.
सांध्यापाशी धूर वाकायचा,
तो तिथे खडूने फुली मारायचा.
अकरा फुल्या.
"आधी तुमच्या हॉलात, जिन्यात.
वर पोचतो तो नुसता निरोप."

दुपारभर ठोकाठोक.
सांध्यांना चंदेरी पट्टी,
काटकोनी वळण काढून तिथे गोल,
हॉलच्या फाट्यात पत्र्याची झडप, अर्धी मिटलेली.
(यांनी विचारलं, म्हणजे आमचं कमी होणार का?)
सुनेने लू नको म्हणून घट्ट लावलेली खिडकी
त्याने चार बोटं उघडली.
"भरलेल्या लोट्यात पाणी ओतत होता तुम्ही.
जुनी हवा निघेल तेव्हा नवी शिरेल."

तरीही जाळीला धरलेला कागद
फडफडला नाही, नुसता हलला.

मग भाच्याने, भूराने,
जाळी काढून खांद्यापर्यंत हात घातला
आणि ओढून काढला एक स्वेटर.
मरून. गोल गळ्याचा. बाह्या आखूड,
कारण लोकर संपली होती
आणि तसाच दिला होता मी तो अच्युतभाऊजींना.

थंडीसाठी असेल, मी म्हणाले.
जानेवारीत त्या जाळीतून सुरी येते, खरंच येते.
सून काही बोलली नाही.

कूलर सुरू झाला. कागद छताकडे उडाला,
खसचा वास आला,
आणि त्याच्यामागून, अगदी कानाशी,
खालून ह्यांचा आवाज, शेजारच्या पित्र्यांना सांगताना,
"सुनेचं जरा नाजूकच आहे हो सगळं."
शब्द न् शब्द. चहाच्या घोटासकट.

सून खिडकीबाहेर बघत राहिली.
तिला हे नवं नव्हतं,
फक्त आता स्वच्छ ऐकू आलं होतं.

मी पलंगाच्या कडेवर बसले.
नऊ वर्षं राहिले भाऊजी ह्या खोलीत.
नऊ वर्षांत मी खाली काय काय बोलले असेन,
पोळ्या लाटताना, डाळ निवडताना,
एका पगारात किती तोंडं, आणि वय झालं तरी,
आणि वर कोण ऐकतंय, असंही.
एका कुठल्यातरी रात्री त्यांनी उकाडा पत्करला.

"आवाज बंद होईल का हो?" मी मिस्त्रीला विचारलं.
तो पान्हे पुसत होता.
"हवा आएगी तो आवाज भी आएगी, भाभीजी.
रास्ता तो एक ही है."

स्वेटर धुऊन गच्चीवर टाकला,
दहा मिनिटांत वाळला, कडक, खाऱ्या पापडासारखा.
संध्याकाळी झाशीला फोन लावला.
काय सांगायचं ठरवलं नव्हतं.
म्हटलं, भाऊजी, वरची हवा सुरू झाली.

बराच वेळ तिकडे फक्त पंख्याची घरघर.
मग म्हणाले,
"खिडकी थोडी उघडी ठेवायला सांगा तिला.
आणि वहिनी,
फोन हॉलातून करताय ना?
हळू बोला."